साखर सोडताना होणारे हाल आणि हायपोग्लायसेमियाचा आहार : मी कुठल्या क्रमाने केलं

मागच्या जूनमध्ये संध्याकाळच्या लोकलमध्ये मुलुंड गेल्यावर अचानक माझ्या हाताला कंप सुटला. दरदरून घाम, छातीत धडधड आणि भूक तर अशी की समोरच्या बाईच्या पिशवीतल्या केळ्यांवरून नजर हटेना. शेजारच्या काकूंनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून हातावर ठेवली, दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं, डोंबिवली आली, उतरले आणि विसरूनही गेले. मग हे आठवड्यातून दोनदा-तीनदा व्हायला लागलं तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं काय खाल्लं होतं आणि त्याआधी किती वेळ झाला होता, मला काहीच सांगता आलं नाही. वही ठेवली तेव्हा दिसलं की दर वेळी चहा-बिस्किटं, नाहीतर पोहे, नाहीतर नुसता वरणभात, आणि त्यानंतर अडीच ते तीन तासांनी हा प्रकार. लॅबमध्ये नेहमीसारखा नाश्ता करून दर अर्ध्या तासाने रक्त दिलं, पावणेतीन तासांनी साखर ५१ mg/dl पर्यंत उतरली, हात तेव्हा थरथरतच होते.

रक्तातली साखर फार खाली जाणं म्हणजे हायपोग्लायसेमिया, आणि खाल्ल्यानंतर काही तासांनी अशी जाते त्याला रिअॅक्टिव्ह हायपोग्लायसेमिया म्हणतात. पटकन विरघळणारं गोड किंवा मैदा पोटात गेला की रक्तातली साखर झपकन चढते, तिला आवरायला इन्सुलिन येतं ते काही जणांमध्ये उशिरा आणि जास्त येतं, मग साखर चढली तशीच घसरते, आणि ती वर आणायला शरीर अॅड्रेनलिन सोडतं. घाम, कंप, धडधड, चिडचिड हे सगळं त्या अॅड्रेनलिनचं. अमेरिकेत अलाबामातल्या सील हॅरिस नावाच्या डॉक्टरने १९२४ मध्येच हे लिहून ठेवलंय, म्हणजे इन्सुलिनचा शोध लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती तेव्हा. थोडं थोडं खा, गोड कमी करा, हाच त्याच्या सांगण्याचा गाभा होता आणि आजही तोच आहे.

आता खरी अडचण. साखर खाल्ली की लगेच बरं वाटतं आणि त्याच साखरेमुळे पुन्हा तीन तासांनी खड्डा पडतो. म्हणून डॉक्टर सांगतात साखर बंद करा, आणि आपण एका सोमवारी उठून सगळं बंद करतो. मी तेच केलं होतं, चहा बंद, साखर बंद, बिस्किटं बंद, भातसुद्धा बंद. मंगळवारी डोकं ठणकत होतं, बुधवारी मुलावर विनाकारण ओरडले आणि तो रडला, गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी वाढदिवसाची बर्फी ऑफिसात आली आणि मी उभ्या उभ्या सहा वड्या खाल्ल्या. घरी जाताना लोकलमध्ये पुन्हा तोच कंप. तेव्हा वाटलं आपल्यात मनाचा निग्रह नाही. पण तो प्रश्न निग्रहाचा नव्हताच, क्रम चुकला होता, आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मुलाचं ते रडणं टळलं असतं. म्हणून सगळं खुलासेवार लिहितेय.

कोणी हे स्वतःच्या मनाने करायचं नाही

डायबेटिससाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर हा लेख वाचून खाण्यात बदल करू नका, कारण गोळी तेवढीच राहिली आणि खाणं बदललं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवा. गरोदर असाल, पोटाचं किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन झालं असेल, किडनीचा त्रास असेल तरी तेच. आणि साखर उपाशीपोटी, पहाटे उठल्यावर किंवा व्यायाम करताना खाली जात असेल, बोलणं अडखळत असेल, शुद्ध हरपत असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे, ताबडतोब दाखवा. नुसती थरथर होते म्हणजे साखर कमी झाली असंही नाही, थायरॉइड आणि घाबरण्याचे झटके अगदी असेच दिसतात. त्रास होणं, त्याच वेळी साखर कमी असणं आणि खाल्ल्यावर त्रास जाणं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच डॉक्टर हायपोग्लायसेमिया म्हणतात.

पहिला आठवडा : काहीच सोडायचं नाही, फक्त लिहायचं

वहीत चार रकाने. किती वाजले, काय खाल्लं, काय झालं, खाऊन किती वेळ झाला होता. चहात किती चमचे घातले तेही. मी रोज चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, एका चमच्यात साधारण ४ ग्रॅम धरली तरी ३२ ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी आदर्श मर्यादा सुचवली ती दिवसाला साधारण २५ ग्रॅम आहे, आणि यात अजून बिस्किटं, आमटीतला गूळ, सॉस काहीच मोजलं नव्हतं. वही बघून स्वतःला बोल लावायचा नाही. त्यातून फक्त एक शोधायचं, आपला खड्डा कितीला पडतो. माझा सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला.

दुसरा आठवडा : आधी भर घाला

सगळ्यात महत्त्वाचं हेच आणि सगळ्यात जास्त लोक हेच गाळतात. साखर अजून चालू ठेवा, चहा चालू ठेवा, पण खड्डा पडायच्या अर्धा-एक तास आधी पोटात काहीतरी दमदार जाईल अशी सोय करा. दमदार म्हणजे प्रथिनं, चोथा आणि थोडं तेल-तूप, जे हळू पचतं.

सकाळचा नाश्ता उठल्यापासून तासाभरात. माझ्याकडे फिरून फिरून हेच असतं : दोन अंडी आणि एक ज्वारीची भाकरी, भाजणीचं थालीपीठ दह्याबरोबर, मुगाचं धिरडं, मोड आलेल्या मटकीची कमी रश्श्याची उसळ. पोहे हवेच असतील तर पोहे अर्धे करा आणि त्यात शेंगदाणे, मटार, मोड आलेले मूग असं सगळं भरपूर घाला, वरून साखर नाही, आणि बाजूला एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही. शिरा, उपमा, इडली नुसत्या चटणीबरोबर, ब्रेड-जाम, यावर मला तीन तास निघत नाहीत. कोणाला निघतही असतील, वहीत बघा.

मूठभर कोरडे मूग म्हणजे ३० ग्रॅम धरले तर सात-एक ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यात सहा. नाश्त्याला पंधरा ग्रॅमच्या आसपास पोचायचं असं मी ठरवलं. अंडी न खाणाऱ्यांनी मूग आणि दही, किंवा पनीर, किंवा घट्ट पिठलं-भाकरी. आमच्या सासूबाई सकाळी सकाळी पिठलं-भाकरी बघून म्हणाल्या की हे तर शेतावरचं खाणं, आणि खरंच आहे, शेतावर जाणारा माणूस दुपारपर्यंत त्याच्यावरच काढतो.

मधल्या वेळचं साडेदहाला आणि साडेचार-पाचला. मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे, किंवा ताकाबरोबर चार बदाम, किंवा एक पेरू. फळ खाताना सोबत दाणे किंवा दही ठेवा, नुसतं केळं किंवा नुसता चिकू सुरुवातीला नको. मी स्टीलच्या दोन छोट्या डब्या रात्रीच भरून पर्समध्ये टाकते, कारण सकाळी ७ ची लोकल पकडताना कोण फुटाणे मोजत बसणार. संध्याकाळची डबी लोकलमध्ये चढायच्या आधी, प्लॅटफॉर्मवरच खायची. मुलुंड गेल्यावर उघडून उपयोग नाही.

जेवताना क्रम बदला, ताट तेच राहू द्या. आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा भाजी, मग भाकरी-पोळी, भात सगळ्यात शेवटी आणि एक वाटी. भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ली की जेवणानंतरची चढण कमी होते, मला घरच्या ग्लुकोमीटरवर फरक दिसला. जेवून दहा-पंधरा मिनिटं चाला, ऑफिसात जिना का होईना.

या आठवड्याच्या शेवटी काय झालं ते सांगते. मी साखर मुद्दाम कमी केली नव्हती तरी दुपारचं बिस्किट तीनदा राहून गेलं. आठवणच झाली नाही.

तिसरा आठवडा : चहातली साखर, चहा नव्हे

पहिल्या वेळी माझं डोकं जे ठणकलं ते बहुतेक साखरेमुळे नव्हतंच. रोज चार कप चहा घेणारं माणूस एकदम चहा सोडतं तेव्हा कॅफिन तुटतं, १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट आणि काही जणांना आठवडाभर चालतं. कॅफिन सुटताना होणारा त्रास अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत २०१३ पासून रीतसर नोंदलेला आहे, साखरेचा तसा नाही. म्हणजे साखर सोडताना त्रास होत नाही असं माझं म्हणणं नाही, होतो, पण दोन्ही एका दिवशी सोडले की कशामुळे काय होतंय तेच कळत नाही. चहा चालू ठेवा. कप कमी करायचे असतील तर महिन्याभराने, आठवड्याला एक असे करा.

साखर चार-चार दिवसांनी अर्ध्या चमच्याने खाली. दोनची दीड, दीडची एक, एकचा अर्धा, मग शून्य. एकत्र चहा होत असेल तर साखर पातेल्यात घालायचीच बंद करा, ज्याला हवी त्याने कपात घ्यावी, नाहीतर मोजमाप राहत नाही. आलं, वेलची, गवती चहा जास्त घाला आणि दूध थोडं वाढवा. अर्ध्या चमच्यावर आले तेव्हा दोन दिवस चहा बेचव लागला, दहाव्या-बाराव्या दिवशी नणंदेकडे तिच्या पद्धतीचा चहा घेतला तर पाक प्यायल्यासारखा वाटला. जिभेवरच्या चवीच्या पेशी दहा-पंधरा दिवसांत नव्या होत राहतात असं वाचलं होतं, त्याचाही थोडा हात असेल, पण मुख्य म्हणजे सवय.

गोळ्यावाली साखर, म्हणजे कृत्रिम गोडी, घालून बघितली. चव गोड राहिली की गोडाची ओढ राहते असा माझा अनुभव, त्यामुळे सोडली. कोणाला पायरी म्हणून उपयोगी पडत असेल तर महिनाभर वापरा आणि मग तीही कमी करा.

चौथा आठवडा : बाकीचं गोड बंद, आणि ते चार-पाच दिवस

आता बिस्किटं, खारी, टोस्ट, मिठाई, कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस बंद. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, सात-आठ चमचे. सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी करा म्हणजे दुसरा-तिसरा दिवस शनिवार-रविवारी येतो, आणि घरी आधीच सांगून ठेवा. मी मुलाला सांगितलं की आईला चार दिवस जरा बरं वाटणार नाही, चिडले तर मला आठवण करून दे. त्याने दोनदा करून दिली.

माझा क्रम असा होता. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर डोकं जड, जांभया. तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट, अंग मोडून आल्यासारखं आणि रात्री जेवणानंतर काहीतरी गोड हवंच असं इतकं वाटलं की मी साखरेच्या डब्यासमोर उभी राहिले. चौथ्या दिवशी चिडचिड होती पण तलफ कमी. सहाव्या दिवशी सकाळी गजर व्हायच्या आधी जाग आली. तुमचं एक-दोन दिवस मागेपुढे होईल.

या दिवसांत पाणी आणि मीठ बघा. साखर-मैदा बराच कमी झाला की शरीर मीठ-पाणी जास्त बाहेर टाकू शकतं आणि डोकेदुखी, चक्कर कधीकधी त्याचीही असू शकते. ग्लासभर ताक, त्यात चिमूटभर मीठ आणि जिरेपूड, दिवसातून दोनदा. ब्लडप्रेशर, हृदय किंवा किडनीचं औषध चालू असेल तर मीठ वाढवू नका, नुसतं ताक-पाणी घ्या. भात-भाकरी या आठवड्यात अजिबात तोडायची नाही. साखर गेली तिथे पोट भरेल एवढं धान्य आणि कडधान्य हवंच, नाहीतर खरा खड्डा पडतो. जिम सुरू करायचं हेही या आठवड्यात नको, चाला फक्त. आणि झोपा.

जेवणानंतरच्या गोडाला मला तीन गोष्टी उपयोगी पडल्या : बडीशेप आणि भाजलेले तीळ मिसळून चमचाभर, दालचिनी घातलेलं अर्धा कप गरम दूध, आणि लगेच दात घासणं. शेवटचं ऐकायला साधं वाटतं पण सगळ्यात जास्त तेच चाललं.

तलफ आहे की खरंच साखर उतरलीय?

हे ओळखता आलं की अर्धी भीती जाते. तलफ एका पदार्थाची असते, बर्फीच हवी असते, भाकरी समोर ठेवली तर नको वाटते, आणि वीसेक मिनिटं दुसऱ्या कशात गुंतलं की उतरते. साखर खरंच उतरली असेल तर घाम, कंप, धडधड, ओठांभोवती मुंग्या, डोळ्यापुढे अंधारी, आणि मग काहीही चालतं, शिळी पोळीसुद्धा. ते थांबून जात नाही, वाढत जातं.

ग्लुकोमीटर असेल तर मोजा, पण आधी हात साबणाने धुवून कोरडे करा. एकदा मी आंबा कापून तसंच बोट टोचलं आणि आकडा १८० आला, हात धुवून पुन्हा केलं तर ९४. घरचं यंत्र थोडं वरखाली दाखवतं, त्यामुळे ६८ आणि ७२ यात फरक करत बसू नका, त्रास होतोय का ते बघा.

आकडा ७० च्या खाली आणि त्रासही होतोय, किंवा मोजायची सोय नाही पण खुणा स्पष्ट आहेत, तर त्या क्षणी साखर खायची. हो, साखरच. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. बरं नाही वाटलं तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर चढायला वेळ लागतो. आणि बरं वाटल्यावर अर्ध्या तासात दाणे, अंडं, भाकरी-उसळ असं काहीतरी दमदार, नाहीतर दोन-तीन तासांनी पुन्हा तेच. ही साखर औषध आहे, तिने तुमचा महिना वाया जात नाही. मी सुरुवातीला व्रत मोडेल म्हणून सहन करत बसायचे आणि ते धोक्याचं होतं, रस्त्यात किंवा लोकलच्या दारात चक्कर आली तर काय. आपण बेशुद्ध पडलो तर तोंडात काही घालू नका आणि १०८ ला फोन करा, हे घरच्यांना सांगून ठेवा.

लपलेली साखर, गूळ आणि मध

गूळ चालतो का, हे मला सगळ्यांनी विचारलं. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, थोडं लोह वगैरे असतं पण रक्तात चढताना तो साखरेसारखाच चढतो. मध, खजुराचा पाक, खडीसाखर, सगळं तेच. आमटीतला सुपारीएवढा गूळ मी हळूहळू हरभऱ्याएवढा केला, चिंचेऐवजी आमसूल घातलं की आमटी गूळ मागतही नाही.

पाकीट मागून वाचा. टोटल शुगर्स आणि अॅडेड शुगर्स असे आकडे असतात, घटकांच्या यादीत लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं की तेही साखरेच्याच घरातलं समजा. मारी बिस्किट, डायजेस्टिव्ह, मल्टिग्रेन, केचप, फळांचं दही, मुलांची दुधात घालायची पावडर, खोकल्याचं सिरप, सगळीकडे आहे.

उपवास आणि सण

उपवास पहिले दोन महिने टाळता आला तर टाळा, देवाला चालतं. करायचाच असेल तर साबुदाणा नको. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट आणि प्रथिनं नावालाच, वर बटाटा, वर साखर, सोबत केळं आणि गोड चहा, अशा एकादशीनंतरच मला सगळ्यात मोठे खड्डे पडलेत. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि थोडी भगर, दही, पनीर, मूठभर भाजके दाणे, आणि दर तीन तासांनी काहीतरी. निर्जळी तर अजिबात नाही.

गणपतीत मी एक उकडीचा मोदक खाल्ला, पूर्ण जेवणाच्या शेवटी, वरून साजूक तूप घालून, आणि नंतर चालायला गेले. काही झालं नाही. तोच मोदक सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर खाल्ला असता तर अकराला हात थरथरले असते. पुरणपोळी, श्रीखंड, तिळगूळ सगळ्याला हाच नियम, जेवणाच्या शेवटी, थोडं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीचा नाश्ता. आदल्या दिवशी जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहिलात तर खड्डा ठरलेला. रिकाम्या पोटी दारू हे तर मोठंच कारण, कारण लिव्हर दारू निस्तरण्यात गुंतलं की नवीन साखर तयार करणं मागे पडतं.

पहाटे तीनला घामाने जाग येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी हरकत नाही म्हटलं तर रात्रीचं जेवण आठच्या आत आणि झोपताना अर्धा कप दूध चार बदामांबरोबर, असं आठवडाभर करून बघा, तरी थांबलं नाही तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. मी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, नाश्त्यानंतर तीन तासांची साखर ७९ आली. पर्समध्ये आजही दोन डब्या असतात आणि एका कप्प्यात ग्लुकोजची पुडी. गेल्या महिन्यात घाटकोपरला चढलेली एक कॉलेजची मुलगी घामाघूम होऊन खाली बसली तेव्हा ती पुडी तिला दिली, मग डबीतले फुटाणे दिले, आणि ठाण्याला उतरेपर्यंत तिला वहीचे चार रकाने सांगितले.